एफवायला मायक्रो शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जूनमध्ये नवीन सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) लागलेल्या सर-मॅडमचे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच एका जागी लिहून ठेवतोय. बीए, बीकॉमच्या पहिल्या वर्षाचं सूक्ष्म अर्थशास्त्र डोळ्यासमोर आहे. विद्यापीठ बदललं की सिलॅबसचं नाव बदलतं, क्रेडिट बदलतात, एनईपी (नवीन शिक्षण धोरण) आल्यापासून मेजर-मायनर-ओपन इलेक्टिव्हचा घोळ वेगळाच, पण आतला माल साधारण तोच आहे. आणि आधीच सांगतो, खालच्या सगळ्या उत्तरांत माझा एकच हट्ट दिसेल: पोरांनी आकृती काढायच्या आधी तोंडाने सांगितलं पाहिजे की आपण कोणत्या बाजाराबद्दल बोलतोय आणि त्यात कोणाचं काय बदललं.

पहिल्या तासाला काय घेऊ? व्याख्यांपासून सुरू करू का?

नको हो. अॅडम स्मिथ १७७६, मार्शल १८९०, रॉबिन्स १९३२ अशा तीन व्याख्या लिहून दिल्या की पोरांना वाटतं इतिहासाचा तास आहे, आणि मागचे दोन बाक दुसऱ्या दिवशी रिकामे. त्यापेक्षा सरळ विचारा, हे वर्ष कॉलेजात काढायला तुला किती खर्च येतो? फी, बसचा पास, पुस्तकं, मेसचे पैसे असं सगळं सांगतात. मग मेस खोडा, कारण कॉलेजला आला नसतास तरी जेवला असतासच, मेस घरापेक्षा महाग पडत असेल तर तेवढाच वरचा फरक धरायचा. आणि फी जोडीला ठेवून विचारा की याच वेळेत डिलिव्हरीचं किंवा दुकानातलं काम केलं असतं तर महिन्याला किती मिळाले असते, ते कुठे लिहिलंय? वर्गात गडबड होते, कारण तो आकडा बहुतेक वेळा फीपेक्षा मोठा निघतो. संधी खर्च, म्हणजे एका गोष्टीसाठी जे सोडलं त्याची किंमत, शिकवून झाला. रॉबिन्सची व्याख्या (साधनं मर्यादित, त्यांचे उपयोग अनेक, म्हणून निवड करावी लागते) तिसऱ्या-चौथ्या तासाला द्या, तेव्हा ती आपोआप कळते.

सर, किंमत उभ्या अक्षावर का? गणितात तर कारण आडव्या अक्षावर असतं ना?

हा प्रश्न बारावी सायन्सवरून आलेलं एखादं पोरगं हमखास विचारतं आणि त्याला "पद्धत आहे" म्हणून गप्प करू नका. ही पद्धत मार्शलने रूढ केली. तो उलट बाजूने विचार करत होता, की बाजारात इतका माल आला तर तो खपायला लोक किती किंमत द्यायला तयार होतील. त्या वाचनात नग हे कारण आणि किंमत हा परिणाम, म्हणून नग आडवे. आता आपण वाचतो उलटं, पण चित्र त्याचंच चालू आहे. एवढं सांगितलं की पोरगं खूश, आणि उतार काढताना गोंधळ का होतो तेही त्याला कळतं.

मागणीचा विस्तार-संकोच आणि वृद्धी-ऱ्हास यात दरवर्षी घोळ होतो. काय करू?

इथे थांबा, हवे तर चार तास घ्या. माझ्या मते पहिल्या सेमिस्टरचा अर्धा कोर्स एवढाच आहे आणि हे पक्कं झालं की पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. बोर्डाच्या पुस्तकातला फरकाचा तक्ता पोरांना पाठ असतो, किंमत बदलली तर त्याच वक्रावर सरकायचं, बाकी काही बदललं तर वक्रच हलवायचा, तरीही "टोमॅटो स्वस्त झाले म्हणून मागणी वाढली, मागणी वाढली म्हणून भाव वाढला" असं एका दमात लिहितात. म्हणजे भाव स्वस्त झाला म्हणून महाग झाला! हे वाक्य फळ्यावर लिहा आणि वर्गालाच विचारा काय चुकलं.

मग कागदावर तक्ता करायला लावा, आकृती अजिबात नाही. डावीकडे भाव: ८०, ६०, ४०, २० रुपये किलो. उजवीकडे तुमच्या घरी आठवड्याला किती किलो टोमॅटो लागतील. आता सांगा, दिवाळीला पाहुणे आलेत, परत भरा. पोरं उजवीकडचा सगळा रकाना खोडून नवीन लिहितात, प्रत्येक भावाला. झालं, हाच वक्र हलणं. आणि पाहुणे नसताना भाव ६० वरून ४० झाला तर नवीन रकाना लागत नाही, त्याच रकान्यात बोट खाली सरकतं. "बोट सरकलं, का रकाना बदलला?" एवढंच विचारत राहा सेमिस्टरभर.

कांद्याचं उदाहरण सगळेच देतात, त्यात वेगळं काय?

कांदा द्याच, पण नीट द्या. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. आता वर्गाला विचारा, बंदीने कोणता वक्र हलला? अर्धा वर्ग म्हणतो पुरवठा वाढला, अर्धा म्हणतो मागणी घटली, आणि दोघं भांडतात.

खरं म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण आधी ठरवलंच नाही की चित्र कोणत्या बाजाराचं. लासलगावच्या लिलावाचं चित्र काढलं तर तिथला पुरवठ्याचा वक्र तोच आहे, परदेशात पाठवणारा व्यापारी बोली लावायचा थांबला, म्हणजे मागणीचा वक्र डावीकडे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाच्या बाजाराचं चित्र काढलं तर जो माल बाहेर जाणार होता तो आता इथेच येतोय, म्हणजे पुरवठा उजवीकडे. दोन्हीकडे भाव पडतो, पण नग एकीकडे कमी आणि एकीकडे जास्त! ज्याच्या घरी चाळीत कांदा भरलाय तो मुलगा पहिलं चित्र काढतो, शहरातली मुलगी दुसरं. म्हणून मी आकृतीच्या डोक्यावर बाजाराचं नाव लिहिल्याशिवाय मार्क देत नाही. पोरं कुरकुरतात, करू दे.

लवचिकता कशी समजावू? सूत्र आलं की डोळे मिटतात.

सूत्र शेवटी. आधी हा प्रश्न: पीक जास्त आलं तर शेतकऱ्याला जास्त पैसे मिळतात का? सोयीचे आकडे घ्या. गेल्या वर्षी १०० क्विंटल, भाव २०००, आले २ लाख. यंदा सगळीकडेच पीक चांगलं, १३० क्विंटल, भाव १२००, आले १ लाख ५६ हजार. ग्रामीण भागातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही, ते तुम्हाला सांगतील. फक्त विचारा की असं का, आणि भाव पडला म्हणून आपण दुप्पट कांदा खातो का? नाही खात. मग सूत्र काढा, नगातला टक्के बदल भागिले भावातला टक्के बदल, आणि मध्यबिंदूची पद्धत वापरा, म्हणजे टक्के काढताना आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांच्या सरासरीने भागा: नगात फरक ३० भागिले ११५, साधारण २६ टक्के, भावात फरक ८०० भागिले १६००, ५० टक्के, लवचिकता साधारण ०.५२. एकापेक्षा कमी, म्हणून भाव पडला की पैसे कमी.

मध्यबिंदू का घ्यायचा हेही दाखवा, नाहीतर ते पाठांतर होतं. १०० चं तिकीट ५० झालं तर घट ५० टक्के, पण ५० चं १०० झालं तर वाढ १०० टक्के, अंतर तेच. मध्यबिंदूने दोन्हीकडून ६६.७ येतं.

एसटीच्या अर्ध्या तिकिटावरून लवचिकता काढायला सांगू का?

सांगा, पण उत्तर काढायला नको, उत्तर का काढता येत नाही ते शोधायला सांगा. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत ५० टक्के सवलत आहे. पोरं पटकन म्हणतात आधीच्या वर्षीचे प्रवासी आणि नंतरचे प्रवासी घेऊ, टक्के काढू. मग विचारा, आधीच्या वर्षी एसटीत काय चालू होतं? २०२१ च्या दिवाळीच्या आसपास सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला होता, त्याच्या आधी कोविड. म्हणजे नुसतं भाडं बदललेलं नाही, गाड्याच रस्त्यावर नव्हत्या. "इतर परिस्थिती कायम असताना" हे शब्द प्रत्येक नियमाच्या सुरुवातीला मंत्रासारखे म्हणतात ना, त्यांचा अर्थ या एका उदाहरणात बसतो. कुठल्या तरी हुशार मुलीच्या डोक्यात येतंच की पुरुष प्रवासी किती वाढले ते बघू आणि तुलना करू, कारण संप दोघांनाही होता आणि सवलत एकालाच. असं कोणी बोललं तर तिला पुढच्या बाकावर बसवा आणि इकॉनोमेट्रिक्सचं (आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले संबंध तपासायच्या शास्त्राचं) नाव कानावर घाला.

वर्गात खेळ घेता येतो का? साठ पोरं असतात.

येतो, आणि एक तास खर्च करण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ चेंबरलिनने हार्वर्डच्या वर्गात असा बाजार भरवलेला, त्यावरचा त्याचा पेपर १९४८ चा, पुढे व्हर्नन स्मिथने त्यात बदल करून खुली बोली आणली आणि २००२ चं नोबेल त्याच वाटेने मिळालं. तुम्हाला लागतात फक्त वीस चिठ्ठ्या. तिघातिघांचे गट करा, दहा गट घेणारे, दहा विकणारे. माल समजा टोमॅटोचा एक क्रेट.

घेणाऱ्यांच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती देऊ शकतो: ६००, ५६०, ५२०, ४८०, ४४०, ४००, ३६०, ३२०, २८०, २४०. विकणाऱ्यांच्या चिठ्ठीवर खर्च: २००, २४०, २८०, ३२०, ३६०, ४००, ४४०, ४८०, ५२०, ५६०. चिठ्ठी कोणाला दाखवायची नाही. ओरडून बोली, सौदा झाला की भाव फळ्यावर. पहिल्या फेरीत भाव कुठेही जातात, ३१० ला पण जातो आणि ४९० ला पण. चिठ्ठ्या तशाच ठेवून परत खेळवा, फेरीगणिक भाव ४०० च्या जवळ यायला लागतात आणि सौदे पाच-सहाच होतात. मग सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर उतरवून घ्या, एक रकाना चढता, एक उतरता, आणि वक्र काढा. छेद ४०० ला. पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण कोणालाच ४०० आधी माहीत नव्हतं, चिठ्ठी लिहिणाऱ्या तुम्हाला सोडून.

आता पुढची फेरी, जाहीर करा की सरकारने कमाल भाव ३०० ठरवलाय. विकायला तयार फक्त तीन गट (२००, २४०, २८०), घ्यायला तयार आठ. आरडाओरडा होतो, कोणी हळूच "वरचे नंतर देतो" म्हणतं, तो काळाबाजार तुम्हाला शिकवायला लागत नाही. आणि खरी गंमत हिशोबात आहे. प्रत्येक सौद्यात घेणाऱ्याच्या चिठ्ठीतून विकणाऱ्याचा खर्च वजा केला की फायदा, आणि मोकळ्या बाजारात सगळ्यांचा मिळून तो जास्तीत जास्त १२०० होता. कमाल भावात तीनच क्रेट विकले गेले, ते सगळ्यात गरजूंना मिळाले तर फायदा ९६०, पण ओळखीने किंवा नशिबाने ४००, ३६०, ३२० वाल्यांना मिळाले तर फक्त ३६०. पुस्तकातला त्रिकोण पहिला तोटा (१२०० वरून ९६०) दाखवतो, दुसरा (९६० वरून ३६०) दाखवत नाही. मला विचाराल तर दुसरा जास्त महत्त्वाचा आहे.

एक नक्की करा: चिठ्ठीवरच्या "गरजू"चा अर्थ जास्त पैसे देऊ शकणारा असा आहे, हे कोणीतरी पकडेलच. पकडलं नाही तर तुम्हीच काढा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची गरज या चित्रात दिसतच नाही, आणि ही मर्यादा लपवून पुढे गेलात तर तुम्ही अर्थशास्त्र शिकवत नाही, जाहिरात करताय.

कमाल किमतीचं आपल्याकडचं उदाहरण?

मुंबईची पागडी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, भाडेकरू जागा सोडेना, आणि जागा हातातून हातात जाताना भाड्याबाहेरचे पैसे फिरायला लागले, तीच पागडी. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा व्यवहार कायदेशीर केला आणि भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली. पण एकतर्फी शिकवू नका. वर्गात गिरगाव-लालबागच्या चाळीतलं पोरगं असेल तर त्याला बोलू द्या, कारण त्या कायद्यामुळे गिरणी कामगाराचं कुटुंब शहराच्या मधोमध राहू शकलं हेही तितकंच खरं. कोणाला मिळालं, कोणाला मिळालं नाही, आणि जो अजून मुंबईत आलाच नव्हता त्याचं काय, असे तीन रकाने करा.

मराठीत शिकवू की इंग्रजीत?

समोर जी पोरं आहेत त्यांच्या भाषेत. संज्ञा मात्र पहिल्या वेळी दोन्ही सांगा. फुकटची युक्ती अशी, बालभारतीच्या साइटवर बारावीचं अर्थशास्त्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांचं पीडीएफ मिळतं, दोन्ही शेजारी उघडली की संज्ञाकोश तयार. एनसीईआरटीचं बारावीचं मायक्रोही नेटवर फुकट आहे, आणि इंग्रजी झेपत असेल तर अर्थशास्त्र शिकवण्यासाठीच्या कोअर (CORE) प्रकल्पाचं ऑनलाइन पुस्तक जरूर दाखवा. गाइड वापरू नका म्हणून काही उपयोग नाही, वापरणारच.

कॅल्क्युलस लागतं का?

एफवाय बीएला नाही. सीमांत म्हणजे "अजून एक" एवढं पुरतं. सीमांत आणि सरासरी यांचा संबंध मात्र पोरांना झेपत नाही, तिथे एसजीपीए काढा: आतापर्यंतची सरासरी ७ आहे आणि या सेमला ६ पडले तर सरासरी खाली, ८ पडले तर वर, बरोबर ७ पडले तर जागच्या जागी. म्हणून सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या तळाशीच छेदतो.

समवृत्ती वक्रांना किती वेळ द्यायचा?

सिलॅबस म्हणतो तेवढाच, तासभरही जास्त नाही. सारखंच समाधान देणाऱ्या दोन वस्तूंच्या जोड्या जोडल्या की हा वक्र, एवढं कळलं पाहिजे. उत्पन्न परिणाम (भाव पडला की तेवढ्याच पैशात जास्त येतं), पर्यायता परिणाम (स्वस्त झालेल्या वस्तूकडे वळणं) तोंडी समजले तर बास. बाकी एसवायला.

पूर्ण स्पर्धा कुठे असते सांगा, असं पोरं विचारतात.

कुठेच नाही, असं सांगून टाका आणि मग बाजार समितीत घेऊन जा, खरोखर किंवा फोटोतून. विकणारे शेकडो, माल जवळपास सारखा, भाव एकट्याच्या हातात नाही, हे सगळं जुळतं. पण लिलावात बोली लावणारे मोजा. मूठभर. शेतकऱ्याचं पोरगं म्हणेल, सर व्यापारी रिंग करतात, म्हणजे आपसात ठरवून बोली लावतात. खरं असेल किंवा नसेल, पण प्रश्न नेमका आहे: विकणाऱ्या बाजूला स्पर्धा आहे, घेणाऱ्या बाजूला आहे का? तिथून मक्तेदारीपर्यंत आपोआप जाता येतं, आणि २०१६ मध्ये ई-नाम (बाजार समित्यांचा ऑनलाइन लिलाव) का आणलं हेही कळतं, लांबच्या व्यापाऱ्यालाही बोली लावता यावी म्हणून.

मॉडेल चुकीचं निघालं तर पोरांचा विश्वास उडणार नाही का?

उलट बसतो. किमान वेतन घ्या. साधं चित्र सांगतं, वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सीतली फास्ट फूडची दुकानं तपासली. तिथे एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं होतं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात नाही. नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ मध्ये पेपर आला, वाद बरीच वर्षं चालला, २०२१ ला कार्डला नोबेल. (वरची एसटीवाली मुलगी आठवा, तीच पद्धत.) मग वर्गाला विचारा, चित्रातलं कोणतं गृहीतक तिथे बसलं नसेल? मालक थोडे आणि कामगार अडलेले असतील तर मालक वेतन मुळातच दाबून ठेवतो, हे पोरं स्वतःच सांगतात, कारण त्यातल्या निम्म्यांनी सुट्टीत कुठेतरी काम केलेलं असतं.

गिफेन वस्तू खरंच असतात?

गिफेन म्हणजे भाव वाढला की गरीब माणूस जी जास्तच घेतो ती वस्तू. आयर्लंडच्या बटाट्याची गोष्ट सगळी गाइडं सांगतात पण तिला पुरावा कच्चा आहे. जेन्सन आणि मिलर यांना २००८ च्या अभ्यासात चीनमधल्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांत तांदळाच्या बाबतीत तसं वागणं सापडलं. महागड्या पर्सचं उदाहरण इथे देऊ नका, तो वेब्लेन, म्हणजे महाग आहे म्हणूनच दिखाव्यासाठी घेतलेली वस्तू.

असाइनमेंट सगळी चॅटजीपीटीवरून येते, काय करायचं?

निबंध देणं बंद करा. जवळच्या बाजार समितीतल्या एका मालाचे दोन आठवड्यांचे रोजचे भाव आणि आवक अॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी वेबसाइटवरून हाताने वहीत उतरवायला लावा, जोडीला गल्लीतल्या भाजीवाल्याचा भाव. मग पाच मिनिटं तोंडी: अमुक दिवशी भाव का पडला, आवक वाढली का, सुट्टी होती का, आणि मंडईत पडला तेव्हा गल्लीत किती दिवसांनी पडला? ज्याने केलंय तो बोलतो. ज्याने नाही केलं तो पहिल्या मिनिटात सापडतो, त्याला ओरडायची पण गरज नाही.

पेपरात "फरक स्पष्ट करा" आणि "टिपा लिहा"च येतं, मग एवढा खटाटोप कशाला?

विद्यापीठाचा पेपर तुमच्या हातात नाही, अंतर्गत मार्क आहेत. तिथे बातमीचं एक कात्रण द्या, बाजाराचं नाव, हललेला वक्र, भाव आणि नग कुठे गेले, चार ओळी. बाहेरच्या पेपरसाठी शेवटचे दोन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. एटीकेटी लागलेल्या पोराला तुमचा लिलावाचा खेळ आठवून काय उपयोग.

अर्थशास्त्र घेऊन नोकरी लागते का, असं पालक विचारतात. काय सांगू?

नुसत्या बीएवर थेट अशी फार नाही, हे स्पष्ट सांगा. एमपीएससी-यूपीएससीला विषय कामाला येतो, बँकेच्या परीक्षांना थोडाफार, इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्रात एमए लागतं. एमएला चांगल्या ठिकाणी जायचं तर प्रवेश परीक्षेत गणित आणि स्टॅटिस्टिक्स येतं, आणि आपली बीएची पोरं तिथेच अडतात. म्हणून ज्याला पुढे जायचंय त्याला एफवायलाच गाठा, मायनर स्टॅटिस्टिक्स किंवा गणित घ्यायला सांगा, आणि कॉलेजात ते कॉम्बिनेशन टाइमटेबलमध्ये बसत नसेल तर जुलै संपायच्या आत उपप्राचार्यांकडे जाऊन बसा, नंतर कोणी ऐकत नाही.